जुन्या शहरातलं जुनं घर घेताय? सही करण्याआधीची तपासणी कोणाकडून आणि कशी करून घ्यावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऐतिहासिक शहराच्या जुन्या भागात दोनशेएक वर्षांचं, जाड भिंतींचं, लाकडी मजल्यांचं घर तुम्हाला पसंत पडलं आहे. बँकेचा मूल्यांकन करणारा येऊन गेला आणि त्याने कर्जाला हरकत घेतली नाही. विकणारे म्हणतात, "एवढी वर्षं उभं आहे, आता आणखी काय तपासायचं?" तरीही वेगळी तपासणी करावी का, करायची तर कोणाकडून, आणि तिच्यातून नेमकं काय हाती लागतं?

तपासणी करावीच. पण जुन्या बांधकामाची जाण असलेल्या माणसाकडूनच करावी. चुकीच्या माणसाने केलेली तपासणी जुन्या घराचं कधीकधी जास्त नुकसान करते, कारण तिच्यावर विसंबून जी दुरुस्ती होते तीच पुढे भिंत खाते. याचं कारण खाली येईलच. आधी बँकेबद्दल.

बँकेचं मूल्यांकन बँकेसाठी असतं. उद्या हप्ते थकले तर घर विकून पैसे वसूल होतील का, एवढंच त्यात पाहिलं जातं. तो माणूस माळ्यावर चढलेला नसतो, पन्हळी कुठे तुंबल्यात हे त्याने पाहिलेलं नसतं, आणि ते त्याचं कामही नाही. ब्रिटनमध्ये मूल्यांकन आणि तपासणी या दोन गोष्टी स्पष्ट वेगळ्या ठेवल्या आहेत. तिथल्या रॉयल इन्स्टिट्यूशन ऑफ चार्टर्ड सर्व्हेअर्स या संस्थेच्या मानकात घराच्या तपासणीच्या तीन पातळ्या आहेत, आणि जुन्या, मोठ्या किंवा बरेच फेरफार झालेल्या घरासाठी तिसरी, सर्वांत सखोल पातळी सुचवली जाते. स्कॉटलंडमध्ये डिसेंबर 2008 पासून बहुतेक घरांच्या बाबतीत विकणाऱ्यालाच घराचा अहवाल आधी तयार ठेवावा लागतो. फ्रान्समध्ये घर 1949 च्या आधीचं असेल तर रंगातल्या शिशाची तपासणी विकणारा करून देतो. हे सगळं उपयोगाचं आहे, पण विकणाऱ्याकडून आलेला कागद कितीही नियमबद्ध असला तरी जुन्या घरासाठी तुम्ही नेमलेला, तुम्हालाच उत्तरदायी असलेला माणूस वेगळा हवा.

"एवढी वर्षं उभं आहे" हा युक्तिवाद मला जवळजवळ प्रत्येक व्यवहारात ऐकायला मिळतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. ते घर उभं राहिलं कारण त्याच्या भिंती भिजायच्या आणि वाळायच्या, आणि दर पिढीत कुणीतरी छपराकडे लक्ष द्यायचं. गेल्या साठ-सत्तर वर्षांत चित्र पालटलं. चुन्याच्या जागी सिमेंट आलं, भिंतींवर प्लास्टिकचा रंग चढला, मधली भिंत पाडून मोठी खोली झाली, वरच्या मजल्यावर न्हाणीघर आलं, धुराड्यांची तोंडं बुजवली गेली. म्हणून चांगल्या तपासणीचा खरा प्रश्न "घर किती जुनं आहे" हा नसतो. अलीकडच्या काळात या घराला काय काय केलं गेलं, हा असतो. मी जी घरं पाहते त्यांत मूळ बांधणीतला दोष क्वचित सापडतो. नंतरच्या दुरुस्त्यांनी केलेलं नुकसान मात्र वारंवार सापडतं.

हे नीट समजायला चुना आणि सिमेंट यांतला फरक माहीत हवा. पोर्टलंड सिमेंटचं पेटंट इंग्लंडमधल्या लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने 1824 मध्ये घेतलं, पण साध्या घरांच्या बांधकामात चुना त्यानंतरही पुष्कळ काळ टिकून राहिला. चुन्याचा सांधा विटेपेक्षा किंवा मऊ दगडापेक्षा नरम असतो आणि त्यातून वाफ आरपार जाऊ शकते. पावसाचं पाणी भिंतीत थोडं शिरतं आणि हवा कोरडी झाली की सांध्यांतूनच बाहेर पडतं. झीज होते ती सांध्याची, विटेची नाही. सांधा पुन्हा भरता येतो. त्याच भिंतीचे सांधे सिमेंटने भरले की सगळं उलटं होतं. सिमेंट कडक असतं, घर जरा हललं की त्याच्या कडेने केसासारख्या भेगा पडतात, त्यांतून पाणी आत जातं, पण बाहेर यायला वाट उरत नाही. मग ते विटेतूनच वाट काढतं, सोबत क्षार आणतं, आणि थंडीच्या प्रदेशात आत गोठून वीट फोडतं. सिमेंटचा सांधा ताठ उभा आणि दोन्ही बाजूंच्या विटा खोल झिजलेल्या, असं दिसलं की काय झालंय ते ओळखावं.

ओलीचं निदान करताना तर सर्वांत जास्त घोळ होतो. हातात धरायचं दोन सुयांचं ओलमापक यंत्र विजेचं वहन मोजतं, आणि त्याचे आकडे मुळात लाकडासाठी ठरवलेले असतात. जुन्या भिंतीत क्षार साठलेले असतात आणि क्षारांमुळेही वीज वाहते, त्यामुळे भिंत फारशी ओली नसतानाही यंत्र मोठा आकडा दाखवतं. मग "जमिनीतून ओल चढतेय" असं निदान होतं, पायथ्याला ओळीने भोकं पाडून रसायन भरायचं सुचवलं जातं, आणि वर सिमेंटचा गिलावा. दोन्ही बाजूंना दगड आणि मध्ये भराव अशी भिंत असेल तर ते रसायन सलग थर म्हणून बसण्याची शक्यता फारच कमी. खरं कारण बहुतेक वेळा साधं असतं: फुटलेली पन्हळ, तुंबलेलं गटार, किंवा भिंतीला लागून उंच झालेली जमीन. शंका उरलीच तर भिंतीतून भुकटी काढून तिच्यातलं पाणी प्रत्यक्ष मोजता येतं. ओलीवरचा उपाय विकणाऱ्या कंपनीने "मोफत तपासणी" देऊ केली तर नम्रपणे नको म्हणा.

जमिनीच्या उंचीचा मुद्दा ऐतिहासिक शहरांत विशेष महत्त्वाचा आहे, कारण अशा शहरांत रस्ते शतकानुशतकं वर चढत जातात. जुन्या फरशीवर नवी फरशी, तिच्यावर डांबर, पुन्हा डांबर. मूळ घर जोत्यावर असतं, दोनशे वर्षांनी उंबरठा रस्त्याच्या पातळीला येतो, कधी तिच्या खालीही जातो. तुम्ही स्वतःच पाहू शकता: दारातून आत जाताना पायरी चढावी लागते की उतरावी लागते? बाहेरची जमीन आतल्या तक्तपोशीच्या, म्हणजे पायाखालच्या लाकडी फळ्यांच्या, वर आली आहे का? जोत्यातल्या हवेच्या जाळ्या मातीखाली गेल्या आहेत का? गेल्या असतील तर तक्तपोशीखालचं लाकूड कुजत असण्याची दाट शक्यता धरा. अनेकदा भिंतीलगत चर खणून, त्यात खडी भरून आणि पाण्याला उतार देऊन ओलीचा प्रश्न मिटतो, आणि हा खर्च रसायनांच्या कामाच्या मानाने किरकोळ असतो.

जुन्या शहरातलं घर सहसा एकटं नसतं. रांगेतली घरं एकमेकांना टेकून उभी असतात. एक घर पाडलं किंवा खोल खणलं की शेजारच्याचा आधार जातो. तेव्हा तपासनीसाला तुमचंच घर नव्हे, दोन्ही बाजूंची घरंही बाहेरून बघायला सांगा. सामाईक भिंत कुणाच्या मालकीची, तिच्यात कुणाच्या तुळया घुसल्यात, पागोळ्या कुणाच्या अंगणात पडतात, हे प्रश्न बांधकामाचेही आहेत आणि कायद्याचेही. कधी तुमची खोली शेजाऱ्याच्या बोळावरून गेलेली असते, म्हणजे खालची जमीन त्याची आणि वरची खोली तुमची. अशा वेळी खालच्या भिंतीची निगा कुणी राखायची हे कागदावर नसेल तर वकिलाने आणि तपासनीसाने एकत्र बसून बोलायला हवं.

दर्शनी भागावर विश्वास ठेवू नका. इंग्लंडमध्ये अठराव्या शतकात लाकडी सांगाड्याच्या जुन्या घरांना समोरून विटेचा नवा चेहरा देण्याची रीत होती. ससेक्स आणि केंट भागांत तर विटेसारख्या दिसणाऱ्या पातळ कौलांनी पूर्ण दर्शनी भाग मढवलेला आढळतो, लुईस गावात अशी घरं आजही पाहायला मिळतात. नुसतं समोर उभं राहून पाहिलं तर पक्की विटांची भिंत वाटावी. मागे मात्र लाकूड. समोरचा चेहरा आणि मागचा सांगाडा वेगळ्या वेगाने हलतात, म्हणून दर्शनी भिंत पोटाशी फुगली आहे का आणि ती मागच्या मजल्यांना बांधलेली आहे का, हे बघणं आलंच.

आणि पायाखाली काय आहे? जुन्या शहरांनी आपला दगड अनेकदा आपल्याच पोटातून काढलेला असतो. पॅरिसमध्ये 1774 मध्ये जुन्या खाणींमुळे रस्ता खचला, आणि 1777 मध्ये खाणींची पाहणी करणारं खास खातं स्थापन झालं. ते आजही आहे आणि तिथे घराखालच्या पोकळ्यांची माहिती मिळते. इंग्लंडमधल्या नॉरिच शहरात 1988 मध्ये चालत्या रस्त्यावर एक दुमजली बस मागच्या बाजूने खड्ड्यात गेली; खाली खडूच्या दगडाची जुनी खाण होती. ॲम्स्टरडॅमचा प्रश्न वेगळा. तिथली जुनी घरं लाकडी खांबांवर उभी आहेत. खांब भूजलात पूर्ण बुडालेले असेपर्यंत टिकतात, पाणी खाली गेलं आणि टोकाला हवा लागली की बुरशी लागते. म्हणून तिथे घर घेणारे पायाची माहिती वेगळी मागतात. तुमच्या शहराची अशी काय खोड आहे, हे तपासनीसाला विचारा. पूर येतो का, जुने नाले बुजवलेत का, तळघरं एकमेकांना जोडलेली आहेत का. उत्तर देताना तो अडखळला, तर तो या शहरात नवा आहे असं समजा.

आता भेगा. घर बघायला गेलेला माणूस सर्वांत आधी भेगांना घाबरतो, आणि बहुतेक भेगा घाबरण्यासारख्या नसतात. ब्रिटनच्या बिल्डिंग रिसर्च एस्टॅब्लिशमेंटने भेगांची 0 ते 5 अशी प्रतवारी केली आहे. साधारण 1 मिलिमीटरपर्यंतची भेग फार किरकोळ, 5 मिलिमीटरपर्यंत किरकोळ, 5 ते 15 मध्यम, 15 ते 25 गंभीर आणि 25 च्या पुढे अतिगंभीर. पण रुंदीपेक्षाही मी दोन गोष्टी आधी बघते. भेग ताजी आहे की जुनी? आत धूळ, जाळी, रंगाचे थर असतील तर ती बऱ्याच काळापासून तशीच आहे. कडा धारदार आणि आतून स्वच्छ असतील तर हालचाल सुरू आहे. दुसरं, ती वर रुंद आहे की खाली? वर रुंद होत जाणारी तिरपी भेग बऱ्याचदा घराचं एक टोक खाली बसत असल्याचं सांगते. जवळ मोठं झाड आणि खाली चिकणमाती असेल तर ऋतूप्रमाणे जमीन आकसते आणि फुगते, भेगही त्याबरोबर उघडते-मिटते. असं वाटलं तर भेगेवर मोजपट्टी बसवून काही महिने नोंद ठेवायला हवी. व्यवहाराची घाई असते हे मला ठाऊक आहे. पण हालचाल चालू असल्याची शंका असताना एका भेटीत दिलेल्या छातीठोक निकालावर मी घर घेणार नाही.

वाकडा मजला आणि तिरकी चौकट यांचं मात्र वेगळं. जुनं लाकूड ओझ्याखाली कायमचं वाकतं आणि तसंच राहतं. सगळ्या चौकटी एकाच दिशेला कललेल्या, पण दारं त्यानुसार कापून बसवलेली आणि सहज उघडणारी असतील, तर घर फार पूर्वीच बसून स्थिरावलं आहे. चौकट सरळ आणि दार अडकतंय, तर काहीतरी आत्ता चाललं आहे.

लाकडाबद्दल एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा: कीड असो वा बुरशी, मुळाशी पाणी असतं. लाकडातलं पाणी वीस टक्क्यांच्या खाली असेल तर कुजवणारी बुरशी वाढत नाही. त्यामुळे तपासनीस तुळईच्या मध्यापेक्षा तिची भिंतीत गेलेली टोकं आधी बघेल, कारण ओल तिथे लागते. टोच्याने दाबून पाहील. भोकांखाली फिकट, ताजी भुकटी पडली आहे का पाहील. नुसती जुनी भोकं म्हणजे कीड जिवंत आहे असं नव्हे. उष्ण प्रदेशात वाळवीची मातीची नळी भिंतीवरून चढलेली दिसते, ती खिळखिळ्या पेटाऱ्यामागे किंवा जिन्याखाली शोधावी लागते. सरसकट सगळ्या घरात औषध फवारण्याचा सल्ला मिळाला आणि ओल कुठून येते याबद्दल अवाक्षर नसेल, तर तो सल्ला बाजूला ठेवा.

छप्पर, सांडपाणी आणि वीज यांबद्दल फार लिहीत नाही, कारण ते जुन्या-नव्या सगळ्या घरांत सारखंच आहे. छपराच्या दोन उतारांमधली पन्हळ आतून पाहून घ्या. जमिनीखालच्या नळ्यांत कॅमेरा घालून तपासणी करून घ्या, मातीच्या जुन्या नळ्या सांध्यांशी फुटतात आणि पायाखालची माती वाहून नेतात. वायरिंग वेगळ्या इलेक्ट्रिशियनला दाखवा. विसाव्या शतकातल्या दुरुस्त्यांत ॲस्बेस्टॉस आणि शिशाचा रंग असू शकतो. ब्रिटनमध्ये ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी 1999 मध्ये आली, अमेरिकेत घरांसाठी शिशाच्या रंगावर 1978 मध्ये. खरवडायच्या किंवा तोडफोड करायच्या आधी नमुना तपासून घ्यायचा.

वारसा म्हणून नोंद असलेल्या घराबद्दल मात्र थांबून सांगायला हवं, कारण इथे घेणारे सर्वांत महाग ठेच खातात. इंग्लंडमध्ये 1990 च्या कायद्यानुसार नोंद असलेल्या इमारतीत परवानगीशिवाय तिचं स्वरूप बदलणारं काम करणं हा गुन्हा आहे. नोंद आतल्या भागालाही लागू असते, नुसत्या दर्शनी भागाला नाही. आणि बेकायदा काम आधीच्या मालकाने केलेलं असलं तरी ते पूर्ववत करण्याची नोटीस आजच्या मालकावर येऊ शकते. तिला काळाची मर्यादा नाही. म्हणजे विसेक वर्षांपूर्वी कुणीतरी जुन्या लाकडी खिडक्या काढून प्लास्टिकच्या बसवल्या, तर त्या बदलण्याचा खर्च तुमच्या अंगावर येऊ शकतो. इतर देशांचे नियम वेगळे आहेत, पण नोंद आहे का, कशाची आहे, आणि घरात दिसणाऱ्या प्रत्येक बदलाला परवानगी होती का, हे तीन प्रश्न कुठेही विचारायचेच. तपासनीसाने "हा बदल नंतरचा दिसतो" असं लिहिलं की ते वाक्य तसंच वकिलाला पाठवा. विमाही यातच येतो. अशा घराच्या विम्याची रक्कम बाजारभावावर ठरवायची नसते. त्याच सामानात आणि त्याच पद्धतीने ते पुन्हा बांधायचा खर्च धरायचा असतो.

तपासनीस निवडताना पदवी बघाच, पण त्याला फोन करून विचारा: चुन्याच्या भिंतींची घरं तुम्ही किती वेळा पाहता? ओल कशी तपासता? आधीचा एखादा अहवाल, नावं झाकून, दाखवाल का? "ओलमापकाने" एवढंच उत्तर आलं तर पुढचा नंबर फिरवा. ब्रिटनमध्ये 1877 मध्ये विल्यम मॉरिस आणि त्याच्या सहकाऱ्यांनी स्थापन केलेली सोसायटी फॉर द प्रोटेक्शन ऑफ एन्शंट बिल्डिंग्ज ही संस्था जुन्या इमारतींबाबत तांत्रिक सल्ला देते. तुमच्या देशात जतनाचं काम करणारी अशी संस्था असेल तर तिच्याकडून नावं मिळवा. घर विकणाऱ्या दलालाने सुचवलेला माणूस शक्यतो टाळा. तो प्रामाणिक असेलही, पण त्याला पुढचं कामही त्या दलालाकडूनच मिळणार असतं.

तपासणीला मर्यादा असतात आणि त्या आधी समजून घ्या. घर अजून तुमचं नाही, म्हणून तपासनीस फरश्या उचकटत नाही, गिलावा फोडत नाही, जड कपाटं हलवत नाही. म्हणून विकणाऱ्याकडून आधी लेखी परवानगी घ्या: माळ्याचं दार उघडं ठेवायचं, गालिचा एका कोपऱ्यात उचलू द्यायचा, तक्तपोशीची एखादी सुटी फळी काढू द्यायची. जमलं तर तुम्हीही सोबत जा, शेवटचा तासभर तरी. आणि एकदा पाऊस पडत असताना स्वतः जाऊन घराभोवती फेरी मारा. पन्हळीतून पाणी कुठे ओसंडतं, भिंतीवर कुठे ओघळतं, हे कोरड्या दिवशी कुणालाच दिसत नाही.

अहवाल येईल तेव्हा तो लांबलचक असेल, आणि ब्रिटिश पद्धतीचा असेल तर प्रत्येक भागाला 1, 2 किंवा 3 असा शेरा असेल, 3 म्हणजे गंभीर किंवा तातडीचं. जुन्या घरात 3 चे शेरे बरेच येतात. त्यांची संख्या मोजून घर सोडू नका आणि घेऊही नका. कोणता शेरा तपासनीसाने प्रत्यक्ष पाहून दिला आणि कोणता "पाहता आलं नाही, पुढे तपासा" म्हणून दिला, हे वेगळं काढा. दुसऱ्या प्रकारचे शेरे सही करण्याआधी मिटवायचे असतात, कारण खरी मोठी रक्कम बहुधा तिथेच दडलेली असते. मग तपासनीसाला फोन करा. लिहिताना जबाबदारीच्या भीतीने जे जपून लिहिलं जातं, ते बोलताना मोकळेपणाने सांगितलं जातं. त्याला विचारा: पुढच्या पावसाळ्याआधी काय करावंच लागेल? पाच वर्षं काय थांबू शकेल? आधीच्या दुरुस्त्यांपैकी कोणती उलटवावी लागेल, आणि तिला परवानगी लागेल का? या उत्तरांवरून जुन्या कामाचा हात असलेल्या कारागिराकडून खर्चाचा अंदाज घ्या आणि तो कागद घेऊनच किमतीची बोलणी करा. विकणारा अंदाज बघायलाच तयार नसेल, किंवा माळा उघडू देत नसेल, तर दुसरं घर बघायला लागा.